सम्यक कुणाच्या हातानं खातो

प्रिय शालूताई,

हे पत्र तुला नाचणीच्या डब्यात सापडलं असंल. पिशवीत गुंडाळून तळाला ठिवलंय अन वरून पीठ भरलंय. त्या डब्याला आत्या, म्हंजी तुझी सासू, हात लावत नाय, दाजी, म्हंजी तुझा नवरा, तर सयपाकघरात येतच नाय. म्हंजी पीठ संपलं की ते तुझ्याच हाताला लागणार. तवर तुझं लगीन होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील अन मी पाचोडला माघारी गेलेली असंल. मी मुद्दामच असं केलंय. काहून केलं ते बी लिहिते, पण आधी बाकीचं वाच. मधीच फाडू नको.

मी मोनाली. सम्यकची मावशी. तुमच्याकडचे लोक गारखेड्याला घर बघायला आलते, तवा तुला पाण्याचा तांब्या दिला ती मी. तू मला दोनदा नाव इचारलं अन दोन्ही वेळा मी फरशीकडं बघत ऱ्हायले. पोरगी मुकी हाय का काय, असं तुला वाटलं असंल. मुकी नाय मी. चार लोक असले की माझा आवाजच निघत नाय. आठवीत सरांनी मला म्यूट असं नाव ठिवलं होतं, मोबाईलवर असतंय ना तसं. हजेरीला माझा नंबर आला की सगळा वर्ग म्हणायचा, सर, म्यूट हाय. मी बी हसल्यावानी करायची. नववीला गेलेच नाय. घरात कुणी इचारलं बी नाय काहून म्हून. कापूस येचायला एक बाई वाढली, बास. लिहायला मात्र मला येतं. चुका असतील, तेवढं समजून घे.

आमची आक्का म्हंजी रूपा, सम्यकची आई, ती डेंग्यूनं गेली. पाच दिवसांत गेली. सम्यक दहा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता. त्याला कुणी हळूहळू तोडलं नाय, एका दिवसात बंद झालं सगळं. तवापासनं त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. तुझी आता जी सासू हाय, गीताबाई, ती माझ्या बापाची सख्खी बहीण. आम्ही तिला आत्याच म्हणतो. आक्काच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते, भंतेजी अजून जेवत होते, तवाच आत्या माझ्या आईला म्हणली, पोरगं काय खाईना, हिला दी माझ्यासंग, तशी बी घरीच बसलेली हाय. त्याच दिवशी दोन ड्रेस पिशवीत घालून मी पाचोडवरनं गारखेड्याला आले. दीड वरीस झालं त्याला.

आत्या त्याला कसं जेवायला घालायची ते सांगते. भिताडाला टेकून बसायची, पोराला मांडीत आडवं घ्यायची, त्याचे दोन्ही हात एका मुठीत धरायची. शेजारची आवडाबाई पाय धरायला यायची. मग आत्या नाक दाबायची. दम घ्यायला त्यानं तोंड उघडलं की वरणभाताचा गोळा आत. गिळंस्तोवर तोंडावर हात. तो ओकायचा. ओकलेलं चमच्यानं गोळा करून परत त्याच्याच तोंडात घातलेलं मी बघितलंय. मोबाईल दावून बघितला, कोंबडीची गाणी लावून बघितली. अंगणवाडीच्या मॅडमनं वजन केलं तर पोरगं लाल पट्ट्यात. आत्या म्हणली, तुमचा काटाच खराब हाय. अन घरी येऊन त्याला म्हणली, आईला खाऊन बसलाय ना रं, मग आता भाकर कशाला लागंल तुला? वर्षाच्या लेकराला. दाजी तिथंच बुटाची लेस बांधत होते. त्यांनी दुसऱ्या बुटाची बी बांधली अन दुकानाला गेले.

मी काय केलं नाय. खरंच काय केलं नाय. माझं असंय, मला कुणी बघत असलं की घास खाली उतरत नाय. म्हून मी गच्चीच्या जिन्यात बसून जेवायची, दाराकडं पाठ करून. एक दिवस तो रांगत आला अन माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला. मी बघितलंच नाय त्याच्याकडं. मला माहीत होतं ना, बघितलं की कसं होतं ते. त्यानं चोखला, टाकला, परत उचलला. दुसऱ्या दिवशी मी डाळीत भाकर कुस्करून माझ्या हातावर ठिवली अन हात मागं धरला, तोंड भिताडाकडं. त्यानं माझ्या हातावरनं खाल्लं. त्याच्या तोंडाची चुळचुळ मला तळहाताला लागत होती. असं रोज. दोन महिन्यांत एक किलो वाढला. मॅडम म्हणल्या, मावशीच्या हाताला गुण हाय. आत्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं. ताई, मला जन्मात पहिल्यांदा कुणी तरी चांगलं म्हणत होतं. मी लई खूष होते. तिथंच माझी चूक झाली.

कारण मग एक दिवस आत्यानं मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. लावता लावता म्हणली, आता तुला कुठं दुसरीकडं द्यायची? हितंच ऱ्हा. पोराला आई भेटली, राजकुमारला बायको भेटली. तुला अठरा कव्हा लागत्यात गं? मी गप बसले. माझ्या गप बसण्याचा तिनं व्हय केला. पुढच्या रविवारी बाप आला. बाप म्हणला, जावई तोच, घर तेच, नवीन काय हुडकायचं? अन दोघं भाऊ-बहीण हसले. मी आतून चहा घिऊन आले तर म्हणले, बघ, लाजली.

दाजी चौतीस वर्षांचे हायेत. वाईट माणूस नाय ते, तुला भ्या घालायला लिहीत नाय. दारू नाय, हात उचलत नाय. पण एक सांगते. आत्यानं मला आक्काचा गाऊन घालायला दिलता, चांगलाय, वाया कशाला घालवायचा म्हणून. मी वट्यापाशी पाठमोरी उभी होते. दाजी दुकानातनं आले अन म्हणले, रूपे, पाणी दी. मी वळले. त्यांनी मला बघितलं. चुकलं म्हणले नाय, दचकले बी नाय. पाणी पिलं अन ग्लास माझ्या हातात दिला. 

मी आईला फोन केला. आवाज निघत नव्हता, तरी म्हणले, आई, मला नगं.  आई म्हणली, मी कुणाला सांगू बाई? ते पोरगं तुझ्याच हातानं खातंय. तुझ्या हातानं खात नसतं तर मी काय तरी बोलले असते. ती सहज बोलली, तिच्या मनात काय नव्हतं. पण मी फोन ठिवला अन तेच घिऊन बसले. तुझ्या हातानं खात नसतं तर.

मी खलबत्त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा केला. बोटांना चोळला, हात धुतला नाय. त्याच हातानं भाकर कुस्करली, जिन्यात बसले अन हात मागं धरला. तो आला. पहिल्यांदा त्याला कळलंच नाय, तो गिळायला लागला. मग जे ओरडला ना ताई. अन ओरडत माझ्याच पाठीला येऊन बिलगला. माझ्या मानेत तोंड घालून रडत होता, लाळ गळत होती, मला पाणी मागत होता. त्याला तवा पाणी हा एकच शब्द नीट येत होता. मी पाणी दिलं नाय. पाणी दिलं असतं तर त्याला वाटलं असतं, जळतंय ते दुसऱ्या कशानं अन बरं करती ती मावशी. दुसऱ्या दिवशी तो परत आला. दोन वर्षांचं लेकरू, काल काय झालं ते इसरून आला. परत तेच. तिसऱ्या दिवशी आला, पण दारातच उभा ऱ्हायला अन माझ्या हाताकडं बघत ऱ्हायला. मी हात मागंच धरून ठिवला. चौथ्या दिवशी आला नाय. मला आनंद झाला. हे लिहू का नको असं झालं होतं, पण लिहिते. मला आनंद झाला.

आत्याला वाटलं दात येत असतील. मग वाटलं नजर लागली. मग म्हणली, तुझ्या हाताला कीड लागली का गं? त्याला एक थापड मारली, मला एक मारली अन परत मांडीत आडवा घेतला. आवडाबाई तवा पोरीच्या बाळंतपणाला गेल्ती. म्हून पाय मी धरले. महिनाभर मीच धरले. त्याचे पाय लई बारीक हायेत, एका हातात दोन्ही मावतेत.

पण तेवढ्यानं माझं सुटलं नाय. आत्यानं ठरवलं, ज्या बाईच्या हातानं पोरगं खाईल ती सून. तुझ्याआधी गंगापूरची एक विधवा बाई आलती. चांगली हसरी होती. सम्यकनं तिच्या बोटाला चावा घेतला, रक्त आलं. ती लोकं गेली अन आत्या म्हणली, कुणाच्याच हातानं खाणार नसंल तर मग घरचीच काय वाईट? मला मे महिन्यात अठरा लागत्यात. मग तुझं स्थळ आलं, जालन्याचं. तुला सहा वर्षांनी नवऱ्यानं माघारी पाठवलेलं, लेकरू नाय म्हणून. आत्या लोकांपुढं काय म्हणली ते तू ऐकलं असशील, तिला लेकरू नाय, ह्याला आई नाय, जमून आलं. घरात काय म्हणली ते मी सांगते, कारण तिथं ऱ्हायचं तर तुला माहीत असावं. म्हणली, वांझ हाय तेच बरं, आपल्या सम्यकला वाटेकरी येणार नाय.

आता तुझ्या दिवसाचं सांगते. तुम्ही गुरुवारी येणार होता. मी बुधवारी दुपारपासनं सम्यकला काय दिलं नाय. आत्या पाहुण्यांच्या तयारीत होती, त्याच्यापुढं वाटी ठिवायचं माझ्यावर सोडलेलं. तिनं इचारलं, खाल्लं का त्यानं? मी व्हय म्हून मान हलवली. मी बोलतच नाय म्हून माझी मान कुणी खोटी धरत नाय. दूध मागायला लागला तर रिकामी बाटली दावली. बिस्किटाचा पुडा माळ्यावर टाकला. फक्त पाणी दिलं. गुरुवारी सकाळी तुमच्यासाठी चिवडा केला, त्यातला मुरमुरा खाली सांडला होता. तो फरशीवर पालथा पडून एक एक मुरमुरा उचलत होता. मी त्याच्या मुठीतनं ते बी काढून घेतलं. त्यानं मूठ घट्ट धरली होती, बोटं एक एक करून उघडावी लागली. तो रडला बी नाय. रडायला जोर लागतो.

साडेबाराला तुम्ही आले. आत्यानं शिऱ्याची वाटी तुझ्या हातात दिली अन म्हणली, भरव बरं, बघू लेकराला कोण पसंत पडतंय. मी दाराआडनं बघत होते. तू घास पुढं केला तर त्यानं आधी तुझ्या बोटांचा वास घेतला. आठवतंय का? तू हसली अन म्हणली, अगं बाई, वास घेतोय बघा, मांजराच्या पिलावानी. सगळे हसले. तो वास कशाचा घेत होता ते आता तुला कळलं असंल. अजून बी तो समद्यांच्या हाताचा वास घेतो, दाजीच्या, आत्याच्या, भाजीवाल्या बाईनं गाल धरला तर तिच्या बी. मग त्यानं खाल्लं. नऊ घास खाल्ले. तुझा भाऊ टाळ्या वाजवायला लागला, आत्यानं डोळ्याला पदर लावला, दाजी पहिल्यांदा तुझ्याकडं बघून हसले. तू तर रडायलाच लागली. म्हणली, मला वाटलं नव्हतं माझ्या हातानं कुणाचं लेकरू जेवंल. अन जाताना आतमधी येऊन माझा हात धरला अन म्हणली, तूच सांभाळलं ना गं ह्याला इतके दिवस, आता मी तुझी मोठी बहीण. त्याच हाताला धरून म्हणली. मी खाली बघत ऱ्हायले.

तुमची गाडी गल्लीतनं वळली अन त्यानं सगळं ओकलं. उपाशी पोटात तुपाचा शिरा कुठं ऱ्हाणार? आत्यानं पुसलं अन म्हणली, कुणाला बोलायचं नाय. म्हंजी तिनं बी तुला फसवलंच, पण तिला अर्धंच माहीत हाय.

आमच्यात मेलेल्या लेकीच्या जागी जी येती तिला लेकीचे आई-बाप लेक मानतेत. तू ज्या साडीत लग्नाला विहारात बसलीस ती माझ्या आईनं घेतली. मी संग होते, औरंगपुऱ्यात चार दुकानं फिरलो. आईला एक बी रंग पसंत पडंना. सारखी म्हणायची, हा शालूला शोभंल का गं, का आक्काला शोभला असता म्हून मी घ्यायलेय? दुकानदार कंटाळून गेला. शेवटी डाळिंबी घेतली. आई घरी येईस्तोवर रिक्षात रडत होती की देवमाणूस बाई भेटली आपल्या पोराला. मी पिशवी मांडीवर घिऊन बसले होते. तवा सांगायला पायजे होतं. आईला नुसतं हळूच सांगितलं असतं तरी आईनं ऐकलं असतं. नाय सांगितलं.

आता कामाचं लिहिते, हे नीट वाच. त्याला भरवू नको. तुझ्या हातानं तो एवढ्यात खाणार नाय अन मांडीत घेतला तर ओकंल. तू जेवायला बस, तुझं ताट घे, अन एक वाटी नुसती बाजूला ठिव. त्याच्याकडं बघू नको. खाल्लं का, गिळ, शाब्बास, असलं काय म्हणू नको. तू तुझं जेव. वाटीत कालवलेलं नको, भाकर वेगळी, डाळ वेगळी. नाचणी गुळात केलेली पातळ असंल तर स्वतःच्या हातानं पितो, सांडतो, सांडू दी. पहिले चार-पाच दिवस काय खाणार नाय, तू भिऊ नको. आत्या नाक दाबायला आली तर मधी हो. मी झाले नव्हते.

अन आता हे काहून लिहिलं ते. लग्नाआधी तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस, अन तू आली नसतीस तर मेमधी तिथं मी बसले असते. म्हून तुला आधी आत येऊ दिलं. पण परवा आत्या आवडाबाईला बोलताना मी ऐकलं. म्हणली, पोरगं हिच्या हातानं खातंय म्हून करायलोय, नाय खाल्लं तर जालन्याला नेऊन घालू, माघारी जायची वाट तिला माहीतच हाय. दोघी हसल्या. ताई, तू आता पंधरा दिवस त्याच्यामागं वाटी घिऊन फिरत असशील, अन आत्या तुला रोज इचारत असंल की त्या दिवशी खाल्लं, मग आता काय झालं, काय केलंस तू त्याला? तू काय केलं नाय. हे पत्र आत्याला दे. तिला वाचाय येत नाय, तर दाजीला मोठ्यानं वाचाय लाव, आवडाबाईला बी बोलव. म्हंजी तुला कुणी माघारी पाठवायचं नाव घेणार नाय. बाप मला मारंल. मारू दी. पाचोडात नाव निघंल, पोराला उपाशी मारणारी म्हणून, मग मला कुणी करणार नाय, अन दाजी तर नायच नाय. तू गेलीस तर परत माझ्याकडंच येतेत ते लोक, एवढं मला कळतंय. म्हून हे पत्र तुझ्यासाठी लिहिलं असं मी म्हणणार नाय. निम्मं माझ्यासाठीच हाय. खाली मी पूर्ण नाव लिहिलंय, कुणी खोटं म्हणायला नको.

तुझीच,
मोनाली कडुबा मगरे
मु. पो. पाचोड, ता. पैठण